आमची वाटचाल : कटर जॉबला टेकतो तिथपासून

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आम्ही प्लास्टिकच्या साच्यांसाठी कॅव्हिटी (बाहेरचा आकार देणारा खोलगट भाग) आणि कोअर (आतला आकार देणारा उंच भाग) बनवतो. माल बहुतेक पी-20, कधी एच-13, दोन्ही साच्यांची पोलादं. सुरुवात एका व्हीएमसीने (प्रोग्रामवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनने) झाली. तेव्हाचं काम साधं होतं: प्लेटी, भोकं, पॉकेट, बाहेरची प्रोफाइल. प्रोग्राम हाताने लिहायचे. कटर जॉबला (कापायच्या तुकड्याला) कुठून लागतो आणि कुठून सुटतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आमच्या कामात पॉलिश करणाऱ्याला जो फरक जाणवतो, तो बहुतांशी तिथलाच.

प्रोफाइलच्या कामात जी-41 ने, म्हणजे कटरची वाट त्याच्या त्रिज्येइतकी बाजूला सरकवणाऱ्या कमांडने, शिस्त लावली. हे कटर कॉम्पेन्सेशन सरळ रेषेच्या ब्लॉकमध्येच (प्रोग्रामच्या ओळीतच) चालू करावं लागतं. जी-02 किंवा जी-03 च्या, म्हणजे वर्तुळाकार चालीच्या, ब्लॉकमध्ये केलं तर फानुक कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) अलार्म देऊन थांबतो. म्हणून आधी छोटी सरळ रेषा, मग पाव वर्तुळाचा आर्क, मग भिंत. बाहेर पडताना याच्या उलट. 20 मिमीच्या कटरला त्रिज्येइतका, म्हणजे 10 चा ऑफसेट असतो, तिथे आर्क 12 त्रिज्येचा ठेवायचा. ऑफसेटपेक्षा लहान आर्कमध्ये कटर मावतच नाही.

जी-00 ला, म्हणजे न कापता भरधाव सरकण्याच्या रॅपिड चालीला, मात्र अजूनही पुष्कळ जण सरळ रेषा समजतात. फानुकमध्ये पॅरामीटर 1401 चा बिट 1 शून्यावर असेल, तर प्रत्येक अक्ष आपापल्या रॅपिडने धावतो आणि कटरची वाट मध्येच मोडते. कॅमच्या (प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) स्क्रीनवर जॉब धरणाऱ्या क्लॅम्पच्या शेजारून सुखरूप जाणारी रॅपिड मशीनवर थेट क्लॅम्पवर जाऊ शकते. आमच्याकडे आधी झेड (उभा अक्ष) वर, मग एक्स-वाय (आडवे अक्ष), मग झेड खाली. तिन्ही अक्ष एकदम रॅपिडने हलवायचे नाहीत, अगदी घाई असली तरी.

सरफेसची, म्हणजे वळणदार पृष्ठभागांची, कामं आली आणि खरा कस लागला. बॉलनोज (गोल टोकाचा कटर) भिंतीवर काटकोनात नेऊन टेकवला आणि तिथून वळवला, की त्या वळणावर मशीनला वेग जवळजवळ शून्यावर आणावा लागतो. कापताना कटर जरासा वाकलेला असतो. फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) उतरली की दाब उतरतो, कटर सरळ होतो आणि भिंतीत किंचित जास्त शिरतो. शिवाय एकाच जागी फिरल्यामुळे धार कापायचं सोडून घासायला लागते. हा ड्वेल मार्क (कटर रेंगाळल्याचा डाग) बघायला मायक्रोस्कोप नको. जॉब ट्यूबलाइटखाली तिरपा धरला की भिंतीवर एक उभी चकाकती रेघ दिसते. प्रत्येक झेड लेव्हलचा (एका उंचीवरच्या फेरीचा) डाग एकाखाली एक आलेला असतो. अंगठ्याचं नख आडवं ओढलं की त्या रेघेवर अडतं.

आता हिशोब बघा. 10 मिमीच्या बॉलनोजने 0.3 मिमी स्टेपओव्हर (शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर) ठेवला, तर दोन पासांमध्ये उरणारा कंगोरा साधारण 0.0022 मिमी उंच असतो. ड्वेल मार्क 0.02 मिमी खोल गेला, तर तो त्याच्या नऊपट झाला. कंगोरे घासायच्या स्टोनने पटकन जातात. खड्डा मात्र भरता येत नाही, त्याच्या आजूबाजूची सगळी भिंत तेवढी उतरवावी लागते. मग भिंत लहरते, आणि पारदर्शक मालावर ती लहर लपत नाही. बारीक स्टेपओव्हर ठेवून तासन्‌तास मशीन चालवायचं आणि एंट्री (कटर भिंतीला लागण्याची वाट) सरळ ठेवायची, हे आम्हाला पटत नाही.

उपाय म्हणजे भिंतीला स्पर्शिकेने मिळणारा आर्क. 10 च्या बॉलनोजला आम्ही 2 ते 3 मिमी त्रिज्या आणि 90 अंश देतो. उभ्या भिंतीवर आर्क आडवा, सपाटीकडे झुकलेल्या सरफेसवर उभा. सुटतानाही आर्कच हवा. सरफेसवरून सरळ वर उचललेला कटर आपली खूण ठेवतोच.

अडचण अरुंद जागेत येते. 12 मिमी रुंद खाचेत 10 चा कटर असेल, तर त्याला हलायला एकूण 2 मिमीच मिळतात. 3 चा आर्क समोरच्या भिंतीत घुसेल, म्हणून कॅममधला गाउज चेक (नको तिथे कापलं जाऊ नये म्हणूनची तपासणी) तो आर्क काढून टाकतो. कॅममध्ये एंट्रीचा दुसरा पर्याय रिकामा ठेवलेला असेल, तर तिथे सरळ प्लंज (कटर थेट खाली घुसणं) येतो, आणि स्क्रीनवर कसलाही इशारा नसतो. म्हणून दुसऱ्या पर्यायात 0.5 चा आर्क आणि शेवटी रॅम्प (तिरकस उतरण) भरायचाच. कॅल्क्युलेशन झाल्यावर सगळ्या एंट्री स्क्रीनवर एकेक करून तपासायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नये.

एंट्रीची फीड कमी करावी, असा सल्ला सर्रास मिळतो. रफिंगला (जाडसर माल काढताना) तो बरोबर आहे, आम्हीही कापण्याच्या फीडच्या साठ टक्के ठेवतो. फिनिशिंगला (शेवटच्या सफाईच्या कापाला) मात्र आर्कची फीड आणि कापण्याची फीड एकच हवी. नाहीतर आर्क जिथे भिंतीला मिळतो नेमका तिथेच वेग बदलतो, कटरचं वाकणं बदलतं, आणि जो डाग टाळायला आर्क दिला तोच परत येतो.

बंद कंटूरला (जिथून निघाली तिथेच परत येणाऱ्या वाटेला) सुरुवात आणि शेवट 1 मिमीने एकमेकांवर चढवतो. भिंत सलग असेल तर झेड लेव्हलऐवजी सलग खाली उतरत जाणारा स्पायरल. मग एंट्री एकच. सुरुवातीची जागा कोपऱ्यात लपेल असं वाटतं, पण तिथे कटर दोन्ही भिंतींना लागतो, भार वाढतो आणि आर्कला जागाही उरत नाही. साच्यात वेगळ्या बसवलेल्या तुकड्याच्या जोडाजवळची सरळ भिंत त्यापेक्षा बरी.

रफिंगचं थोडक्यात. इन्सर्टच्या (बदलता येणाऱ्या धारेच्या टिकल्या लावलेल्या) कटरला मधोमध धार नसते. सरळ खाली घातला तर मध्ये न कापलेला खुंट उरतो आणि कटरच्या बॉडीला लागतो. 2 अंशांचा हेलिकल (गोल फिरत उतरणारा) रॅम्प द्यायचा आणि भोकाचा किमान-कमाल व्यास त्या कटरच्या कॅटलॉगमधून घ्यायचा. व्यास फार लहान घेतला तरी मधला खुंट उरतोच. कोअर बाहेरून कापताना कटर आर्कने आत गुंडाळत आणावा, म्हणजे चिप सुटताना पातळ असते आणि इन्सर्टचा टवका उडत नाही.

कटर नागदेवी स्ट्रीटवरून (मुंबईतला हत्यारांचा बाजार) नवा आणलेला असो की री-शार्प केलेला, त्रिज्या मोजल्याशिवाय फिनिशिंगला लावत नाही. नव्या जॉबवर प्रोग्राम आधी 50 मिमी वर हवेत चालवतो. मग भिंतीला लेआउटची निळी शाई लावायची, 0.05 मिमी माल राखून एकच लेव्हल सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ चालवत) घ्यायची आणि थांबायचं. आर्क बरोबर असेल तर शाई हळूहळू फिकट होत जाऊन नाहीशी होते. शाईची कडा एकदम तुटलेली दिसली, तर प्रोग्राम परत कॉम्प्युटरवर जातो.