पसरणी घाटात तिसऱ्यावरून दुसरा

परवाचा घाट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. मी वाईत १४ वर्षं गाडी शिकवतो. ७ वर्षांपूर्वी माझ्याकडेच शिकलेल्या एका ताईंचा फोन आला, काका, पाचगणीहून उतरताना ब्रेकचा जळका वास येतो आणि पेडल मऊ लागतं, एकदा शेजारी बसा. गॅरेजवाल्याने पॅड बदलून पैसे घेतले, ब्रेक ऑइल बघितलंच नाही. ते हवेतलं पाणी धरतं आणि मग लवकर उकळतं, पाइपात वाफ झाली की ती नुसतीच दबते, पेडल मऊ होणारच ना.

गाडी त्यांची, म्हणजे माझ्या बाजूला क्लच-ब्रेक काही नाही. मागे सासूबाई, मांडीवर स्ट्रॉबेरीचे चार बॉक्स. उतार लागला तरी गाडी चौथ्यात, पाय ब्रेकवरून उचलेचनात आणि वळण आलं की क्लचही पूर्ण दाबायच्या, म्हणजे गाडी न्यूट्रलच की, इंजिन धरून ठेवणार कसं? समोरून एसटी चढत आली आणि माझे दोन्ही पाय खालच्या मॅटवर दाबले गेले.

रुंद जागा बघून अर्धा तास थांबलो. त्या चाकांवर पाणी मारायला निघाल्या, नको म्हटलं, तापलेली डिस्क वाकडी होते.

"गिअर खाली टाकला की इंजिन ओरडतं काका, हिसका बसतो, म्हणून टाकतच नाही."

खरी गोम ही. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच स्पीडला दुसऱ्यात ३००० च्या आसपास लागतं, तेवढं आपण दिलं नाही तर चाकं ओढून वर नेतात, तोच हिसका. म्हणून आधी ब्रेकने स्पीड उतरवायचा, क्लच दाबून दुसरा टाकायचा, क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला टिचकीएवढा टच द्यायचा, आवाज चढला की क्लच सोडायचा. पहिल्या वेळेला टच विसरल्या आणि एक बॉक्स सासूबाईंच्या पायाशी. दुसऱ्यांदा टच जास्त, गाडी पुढे पळाली. पाचव्या-सहाव्या वेळेला मागून आवाज आला, "अगं, टाकणार होतीस ना गिअर?" टाकून झाला होता!

वाईपर्यंत दुसऱ्यातच आलो, ब्रेक फक्त वळणाच्या आधी. वास नाही.

पण मला खुपतंय ते वेगळंच. शिकवताना हिसका बसेलसं वाटलं की माझ्या बाजूचा क्लच मीच दाबतो, आम्ही सगळेच दाबतो, क्लच प्लेट गेली की मालक बोलतात म्हणून. ताईंना तेव्हा हिसका कधी जाणवलाच नाही, तर तो घालवायला कुठून शिकणार? ज्या गिअरला चढली त्याच गिअरला उतरव, हे जुने ट्रकवाले क्लीनरला फुकट सांगायचे, मी फी घेऊन सांगितलं नाही. आठाचा आकडा आणि रिव्हर्स झालं की लायसन मिळतं, घाटाचं कोण विचारतं.

काल एका नव्या पोराने तिसऱ्यावरून दुसरा टाकला. माझा पाय सवयीने क्लचवर गेला, मागे घेतला. जोरात हिसका बसला, पोरगं घाबरून माझ्याकडे बघायला लागलं. म्हटलं रस्त्याकडे बघ, परत तिसरा टाक.