तुम्ही विचारलंत म्हणून: गोधडी मार्केटप्लेसवर विकायची की स्वतःच्या वेबसाइटवर?

हातशिलाईच्या गोधड्या विकणाऱ्यांचा हा प्रश्न सुरू होतो तो मार्केटप्लेस, म्हणजे अ‍ॅमेझॉनसारखी अनेकांचा माल विकणारी साइट, दर विक्रीमागे कापते त्या कमिशनपासून. तर आधी तोच हिशेब करू.

गोधडी १,८०० रुपयांची आणि कमिशन १५ टक्के धरा. २७० रुपये गेले, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३१८ रुपये ६० पैसे. स्वतःच्या वेबसाइटवर पेमेंट गेटवेने (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या सेवेने) २ टक्के आणि त्यावर जीएसटी घेतला, तर जातात ४२ रुपये ४८ पैसे. वाचले २७६. पण ते २७६ रुपये अनोळखी गिऱ्हाईक दारात आणून देण्याचे होते. वेबसाइटवर ते गिऱ्हाईक जाहिरातीने आणायचं झालं, क्लिकला ५ रुपये पडले आणि शंभरात एकानेच गोधडी घेतली, तर विक्रीमागे ५०० रुपये गेले! वेबसाइट परवडते ती जाहिरातीशिवाय येणाऱ्यांवर: दुसऱ्यांदा घेणारे, प्रदर्शनात भेटलेले, बाळंतविड्यासाठी मैत्रिणीने पाठवलेले.

कमिशनइतकंच, कधी कधी जास्तच, खातो तो खोका. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. ४० × ३० × २५ च्या खोक्यात दोन किलोची गोधडी घातली की बिल सहा किलोचं. उंची १० वर आणली तर २.४ किलो. त्यासाठी हवा काढायची पिशवी वापरतात, पण ती बारीकशी फाटली तरी गोधडी वाटेत फुगते, कुरिअरच्या हबवर, म्हणजे वाटेतल्या केंद्रावर, पुन्हा मोजली जाते आणि फरकाची रक्कम मागाहून कापली जाते. घट्ट घडीला सुतळीने आडवी-उभी बांधून मगच पिशवीत घाला. बंद खोक्याचा मोजपट्टी लावून एक आणि वजनकाट्यावर एक फोटो ठेवा. तक्रार करताना तेवढाच पुरावा असतो.

जीएसटी नोंदणी नसेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून मार्केटप्लेसवर माल विकता येतो, पण फक्त आपल्याच राज्यात. त्यासाठीही जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पुण्याहून बंगळुरूची ऑर्डर तिथे घ्यायची तर नोंदणी हवीच.

खरी फजिती होते ती एकच नग दोन्हीकडे लावल्यावर. जुन्या साड्यांची गोधडी दुसरी तशीच होत नाही. ती रविवारी रात्री दोन्हीकडे विकली गेली, की मार्केटप्लेसवरची ऑर्डर रद्द करावी लागते आणि विक्रेता म्हणून गुण घसरतात. म्हणून तयार नग तिकडे लावा आणि ‘आजीच्या साड्यांची शिवून द्या’ ही कामं वेबसाइटवर घ्या. अशा कामाला निम्मे पैसे आगाऊ घ्या. कॅश ऑन डिलिव्हरी देऊच नका. नावाची अक्षरं टाचलेली दुपटी परत आली, तर घेणार कोण?

आणि मार्केटप्लेसच्या पार्सलमध्ये ‘पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या’ अशी चिठ्ठी घालू नका. बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. गोधडीच्या कोपऱ्यात शिवलेलं तुमच्या नावाचं लेबल मात्र मालाचाच भाग असतं.