मावशीला पाहून काढलेला वाघ

क्योतोला मी मार्चच्या मध्यावर गेले ते मुद्दाम. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या, बहराला अजून वेळ होता, झाडं बोडकी होती, थंडी हाडांत शिरत होती. पण तोफुकु-जी या मठातलं बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं प्रचंड चित्र वर्षातून जेमतेम तीन दिवस, 14 ते 16 मार्चला, बाहेर काढतात. मला ते पाहायचं होतं. त्यात बुद्ध आहे म्हणून तर होतंच, पण मुख्यतः त्यात जनावरं आहेत म्हणून.

मंदिरांत आणि मठांत रंगवलेली रानटी जनावरं हा माझा फार जुना ध्यास आहे. देवाच्या दारात माणसाला वाघ, हत्ती, सिंह का हवे असतात, आणि ज्यानं ते काढले त्यानं ते कुठे पाहिले होते, हे दोन प्रश्न मला सोडत नाहीत. जपानमध्ये दुसरा प्रश्न जास्तच टोचतो, कारण या देशात रानात ना वाघ, ना हत्ती, ना सिंह. आणि तरी इथल्या मठांच्या भिंती त्यांनी भरलेल्या आहेत.

तोफुकु-जीची स्थापना 1236 ची. त्याचं दुमजली महाद्वार 1425 चं, झेन मठांच्या महाद्वारांपैकी जपानमधलं सर्वांत जुनं. त्याच्या मागे धर्मसभेचं दालन. आत शिरल्यावर आधी वर पाहिलं. छतावर डोमोतो इन्शो या चित्रकारानं 1933 साली काढलेला ड्रॅगन अख्खं छत व्यापून बसला आहे. मग नजर समोर आणली, आणि तिथेच थांबले. छतापासून खाली सोडलेलं ते चित्र, सुमारे 12 मीटर उंच. साल वृक्षांच्या मध्ये चौथऱ्यावर बुद्ध उजव्या कुशीवर निजलेला. भोवती शिष्य, देव, राजे. आणि त्यांच्याही खाली, अगदी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर, जनावरांची दाटी.

ही दाटी मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. हत्ती आहे, वाघ आहे, पक्षी आहेत. मारणारे आणि मरणारे एकाच रांगेत, आणि सगळ्यांचं दुःख एकच. चित्रकाराचं नाव मिन्चो. तो याच मठातला भिक्षू. बढती नको, फक्त चित्र काढू द्या, अशा वृत्तीचा माणूस म्हणून त्याची ख्याती आहे. चित्राचं वर्ष 1408. याच 1408 साली जपानच्या किनाऱ्यावर, वाकासा प्रांतातल्या ओबामा बंदरात, परदेशी जहाजातून पहिला हत्ती उतरला, अशी नोंद आहे. मिन्चोचा त्या हत्तीशी काही संबंध जोडायचा नाही मला. पण इकडे एक भिक्षू ऐकीव हत्ती रंगवतोय आणि तिकडे, दोन-तीन दिवसांच्या चालीवर, खरा हत्ती जमिनीवर पाय ठेवतोय, हा विचार मनातून जाईना.

आणि मांजर! निर्वाणाच्या चित्रांत मांजर सहसा काढत नाहीत. बुद्धाची आई मायादेवी हिनं स्वर्गातून औषध टाकलं, ते झाडाला अडकलं, आणायला निघालेल्या उंदराला मांजरानं खाल्लं, अशी लोककथा आहे. मिन्चोनं मात्र मांजर काढलं. का, तर चित्र काढताना त्याचा रंग संपला आणि मठातल्या मांजरानं त्याला रंगाच्या मातीची जागा दाखवली, असं सांगतात. कथा खरी असो-नसो, मांजर तिथे आहे. हे मांजर पुढे सबंध प्रवासभर माझ्यासोबत राहणार आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

तिथून उत्तरेला चालत योगेन-इन गाठलं. सान्जुसान्गेन्दो या मंदिरातल्या हजार मूर्ती पाहायला गर्दी लोटते, आणि रस्ता ओलांडून समोरच्या या छोट्या मंदिरात फारसं कुणी येत नाही. तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याची उपपत्नी योदो-दोनो हिनं आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ 1594 साली ते बांधलं, जळाल्यावर तिच्या धाकट्या बहिणीनं 1621 साली पुन्हा उभारलं. येणारे बहुतेक जण येतात ते इथलं 'रक्ताचं छत' पाहायला. 1600 साली फुशिमी किल्ला पडताना तो राखणाऱ्या तोरी मोतोतादानं आणि त्याच्या माणसांनी जिथे प्राण सोडले, तिथल्या जमिनीच्या फळ्या इथे छताला लावल्या आहेत. डाग अजून दिसतात. मी एकदा वर पाहिलं आणि नजर काढून घेतली.

मी आले होते दारांसाठी. तावाराया सोतात्सु या सतराव्या शतकातल्या चित्रकारानं सुगीच्या, म्हणजे जपानी देवदाराच्या, लाकडी दारांवर काढलेले पांढरे हत्ती. चित्रांत मी ते आधी पाहिले होते, पण अंधाऱ्या ओसरीत ते एकदम समोर आले तेव्हा छातीत धस्स झालं. अख्ख्या दारात हत्ती मावत नाही, असा भरलेला. जाड, वळणदार काळी रेघ आणि आत नुसता पांढरा रंग. पाठ, पोट, पाय, सगळं एकाच फुगीर लयीत. सुळे आहेत, सोंड आहे, आणि तरी हा आपला हत्ती नाही. आपल्या हत्तीच्या कातडीला सुरकुत्या असतात, गुडघ्याला घड्या असतात, कानांच्या कडा फाटलेल्या असतात. सोतात्सुच्या हत्तीला वयच नाही.

तेवढ्यात लक्षात आलं, की हा हत्ती सोतात्सुनं रानातून आणलेलाच नाही. तो मायादेवीच्या स्वप्नातून आला आहे. समंतभद्र बोधिसत्त्वाचं, ज्याला इथे फुगेन म्हणतात, त्याचं वाहन पांढरा हत्ती. सोतात्सुच्या काळापर्यंत जपानात जिवंत हत्ती मोजकेच आले होते. सामान्य माणसांनी रस्त्यावर दुतर्फा उभं राहून हत्ती पाहिला तो त्यानंतर शंभर वर्षांनी. 1728 साली व्हिएतनामहून नागासाकीला एक जोडी आली. मादी तिथेच मेली. नर मात्र पुढच्या वर्षी नागासाकीपासून एदोपर्यंत, म्हणजे आजच्या टोकियोपर्यंत, चालत गेला. वाटेत क्योतोला सम्राट नाकामिकाडोनं त्याला पाहिलं, आणि सम्राटासमोर यायचं तर पद हवं म्हणून त्या हत्तीला दरबारी मानाची पायरी दिली गेली. हे वाचलं तेव्हापासून तो एकटा नर, परक्या मुलखात, डोंगरघाट चढणारा, मला फार जवळचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी नान्झेन-जी. सम्राट कामेयामानं 1291 साली इथल्या आपल्या वाड्याचा झेन मठ केला. 1628 साली पुन्हा बांधलेल्या महाद्वाराचे खांब एवढे जाड, की मिठी पुरी पडत नाही. आवारातून लाल विटांची एक कमानदार जलवाहिनी जाते. 1888 साली बिवा सरोवराचं पाणी शहरात आणण्यासाठी बांधलेली. बहुतेक सगळे तिथेच फोटो काढत होते. मी बूट काढून मठाधिपतींच्या निवासात शिरले. लाकडी जमीन बर्फासारखी गार. मोजे दोन घालायला हवे होते.

धाकट्या निवासाच्या खोल्यांत बांबूच्या बनातले वाघ आहेत, कानो तान्यू या चित्रकाराचे मानले जाणारे. सरकत्या दारांवर सोन्याचा वर्ख आणि त्यावर वाघ. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच झालं. खोल्यांत दिवा नाही. ओसरीवरून वाकून पाहायचं. आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की वर्ख बाहेरचा थोडका उजेड शोषून मंद उजळतो, आणि मग एकेक वाघ बनातून बाहेर येतो. सर्वांत प्रसिद्ध तो पाणी पिणारा, ओढ्यावर मान खाली घातलेला.

जंगलात मी वाघ दोनदा पाहिला आहे, आणि एकदा तो पाणीच पीत होता. म्हणून मी नकळत चुका शोधू लागले. वाघाच्या डोळ्यातली बाहुली गोल असते, मांजरासारखी उभी चीर नसते. जपानी चित्रांतल्या कितीतरी वाघांना ती चीर आहे. वाघाच्या कानामागे पांढरा ठिपका असतो. अंग लांब, खांदे जड. इथे अंग मऊ, जणू आत हाडं कमी आहेत. कारण साधं आहे. या चित्रकारांकडे तीनच गोष्टी होत्या: चीनहून आलेली चित्रं, आयात केलेली कातडी आणि घरातलं मांजर. कातडी होती म्हणून पट्टे बरोबर आले. मांजर होतं म्हणून चाल आली. डोळे मात्र कातडीला नसतात, ते मांजराकडूनच घ्यावे लागले.

आपण मांजराला वाघाची मावशी म्हणतो. इथे पिढ्यान्‌पिढ्या चित्रकारांनी मावशीकडे निरखून पाहत भाचा रंगवला. त्यात मला आता हसण्यासारखं काही वाटत नाही. तासन्‌तास मांजराकडे बघणं, त्याच्या पंज्याची ठेवण, पाठीची कमान, जिभेचं टोक पकडणं, आणि मग ते एवढं वाढवणं की त्याची भीती वाटावी, याला केवढी नजर लागते! या वाघांसमोर त्या ओसरीवर अर्धा तास बसल्यावर मला भीती नाही वाटली, पण तो पाणी पिणारा वाघ मान वर करील, असं मात्र वाटत राहिलं.

बिबट्याचीही अशीच गंमत. वाघांच्या चित्रांत एखादा ठिपकेवाला दिसतो, तो बिबट्या नसून वाघीण आहे असं त्या काळी समजत. नर पट्ट्यांचा, मादी ठिपक्यांची. नान्झेन-जीच्या मोठ्या निवासापुढे वाळूची बाग आहे, तिला 'वाघाच्या पिल्लांचं नदी ओलांडणं' म्हणतात. तिची कथा अशी, की वाघिणीला तीन पिल्लं झाली की त्यातलं एक बिबट्या निघतं आणि आई नसताना भावंडांना खातं. नदीपार नेताना तोंडात एकच पिल्लू मावतं. मग कुणाला आधी न्यायचं? वाघ, शेळी आणि गवताच्या पेंढीचं आपलं कोडंच की हे! बागेतल्या दगडांकडे पाहत मी ते कोडं मनात सोडवलं: आधी बिबट्या पलीकडे, मग दुसरं पिल्लू नेऊन बिबट्याला परत आणायचं...

शेवटचा मुक्काम क्योतोपासून फार दूर होता. होन्शू बेटाच्या दक्षिण टोकाला कुशिमोतो नावाचं गाव आहे. समुद्राला लागून जाणाऱ्या रेल्वेनं अर्धा दिवस लागतो. तिथे मुर्यो-जी हा मठ आहे. 1707 च्या त्सुनामीत तो वाहून गेला होता. 1786 साली पुन्हा उभा राहिला तेव्हा मठाधिपतींनी आपला जुना मित्र, क्योतोचा नावाजलेला चित्रकार मारुयामा ओक्यो, याला चित्रांच्या वचनाची आठवण दिली. ओक्योला क्योतो सोडवेना. त्यानं आपली चित्रं दिली आणि ती घेऊन आपला शिष्य नागासावा रोसेत्सू याला पाठवलं. रोसेत्सू तिशीत होता. गुरूच्या नजरेपासून दूर, समुद्राकाठी, त्यानं दारांवर शाईनं एक वाघ आणि समोर एक ड्रॅगन काढला.

मी पोचले तेव्हा पाऊस होता. मूळ दारं आता मठाच्या आवारातल्या कोठारात ठेवतात, मुख्य दालनात हुबेहूब प्रती आहेत. आणि पाऊस असला की दमटपणामुळे कोठार उघडत नाहीत. हे मला माहीत होतं, तरी डोळ्यांत पाणी आलं. प्रती पाहिल्या, गावातच राहिले, रात्रभर छपरावरचा आवाज ऐकत पडले. पहाटे तो थांबला.

सकाळी दहाच्या सुमारास एका बाईंनी जड दार उघडलं. आत वाघ. माणसाच्या उंचीच्या दारांवर एकाच झेपेत आलेला, पुढचे पंजे जुळवून, अंग चोरून. रंग नाही, सोनं नाही, नुसती शाई. काही रेघा एवढ्या भरभर ओढलेल्या, की हात कुठे वळला ते कळतं. हा वाघही मांजरच आहे, उघड उघड, खोडकर. पण या मांजराच्या अंगात वाघाचं वजन आहे.

बाईंनी सांगितलं, ते मी आधी वाचलं होतं, तरी तिथे उभं राहून ऐकणं वेगळं. या दारांच्या मागच्या अंगाला रोसेत्सूनं मांजर काढलं आहे, पाण्यातल्या माशांकडे टक लावून बसलेलं. आणि काहींचं म्हणणं असं, की पुढचा वाघ म्हणजे तेच मांजर आहे, त्या माशाला दिसलेलं.

मी खाली बसले. मग आणखी वाकले, हनुवटी गुडघ्यांना टेकेपर्यंत. पंजे वर गेले, तोंड मोठं झालं, शेपटी पार मागे नाहीशी झाली. बाई बाजूला सरकल्या आणि मला तसंच बसू दिलं.