उभ्या गाडीचे ब्रेक

चालत्या गाडीचे ब्रेक झिजतात हे कुणीही सांगेल. उभ्या गाडीचे ब्रेक जातात, हे कळायला मात्र कॅम्पर व्हॅन घ्यावी लागते. आमची फोक्सवॅगन टी-२५ आहे, १९८८ची. इंजिन मागे, वर उचलणारं छप्पर, आत दोन शेगड्या आणि दोघांना कसाबसा पुरणारा बिछाना. उन्हाळ्यात ती थोडीफार हिंडते आणि हिवाळाभर इंग्लंडमधल्या लेस्टरच्या पावसात घरासमोर उभी असते. आपल्याला वाटतं, बिचारी विश्रांती घेतेय. मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रमच्या आत गंज तेवढ्यात आपला कार्यभाग उरकत असतो.

इथे तीन वर्षांपुढच्या गाडीची दर वर्षी एमओटी, म्हणजे सक्तीची तपासणी, करावी लागते. आपल्याकडे टेम्पोवाले ‘गाडी पासिंगला नेलीय’ म्हणतात तोच प्रकार, फक्त इथे घरगुती गाडीलाही सुटका नाही. १९६० साली ही तपासणी सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षांपुढच्या गाड्यांपुरतीच होती आणि बघायचे ते ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग. यादी नंतर वाढत गेली, पण ब्रेक अगदी पहिल्या दिवसापासून. चाकं रोलरवर चढवतात, यंत्र चाकं फिरवतं, तपासनीस पेडल दाबतो आणि कुठलं चाक किती जोराने अडतंय ते आकड्यांत दिसतं. आमच्या गाडीएवढ्या जुन्या गाडीत पायाच्या ब्रेकचा जोर वजनाच्या निदान ५० टक्के हवा, हँडब्रेकचा १६ टक्के.

आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाने जवळपास असहकारच पुकारला होता. शिवाय खालून टॉर्च मारल्यावर मागे जाणारा ब्रेकचा पाइप पापुद्रे सुटण्याइतका गंजलेला निघाला. तपासनीस आधी ‘काय सुंदर गाडी आहे तुमची’ म्हणाला आणि मग नापासाचा कागद हातात ठेवला. या क्रमाबद्दल माझी थोडी तक्रार आहे. गाडी घरी आली ती ट्रकवर बसून, वरात निघाल्यासारखी. गल्लीतल्या दोघातिघांनी फोटो काढले.

माझा मामा नाशिकला राहतो. उभं आयुष्य त्याने मॅटॅडोर चालवली आणि स्वतःच दुरुस्त केली. व्हिडिओ कॉलवर त्याने आजारी माणसाची करावी तशी चौकशी केली. “अरे, पेडल स्पंजी लागतंय का? चाकाच्या आतल्या बाजूने ऑइल ओघळलंय का? मग व्हील सिलिंडर गेलाय. दोन्ही बाजूंचे बदल, एका बाजूचा बदलून कंजूसपणा करू नकोस.” आणि लगेच पुढचं: “दोन्ही ड्रम एकदम उघडू नकोस हां. एक उघड, दुसरा बंद ठेव. आतल्या स्प्रिंगा कशा लावायच्या ते विसरलास तर दुसरीकडे बघता येतं.” याहून शहाणा सल्ला मला कुठल्याच छापील पुस्तकात मिळाला नाही.

ड्रम निघता निघेना. ब्रेक दाबला की व्हील सिलिंडर ऑइलच्या जोराने दोन अर्धगोल शू ड्रमला आतून टेकवतो; शूवरचं अस्तर म्हणजे लायनर. हे लायनर घासून घासून ड्रमच्या आत एक काठ तयार होतो आणि शू त्या काठाआड अडकून बसतात. मागच्या पत्र्याला एक छोटं भोक असतं. त्यातून स्क्रू-ड्रायव्हर घालून शू मागेपुढे करणाऱ्या ॲडजस्टरचं दातेरी चाक उलटं फिरवायचं, म्हणजे शू आत सरकतात. तेही हलेना. मग गंज सोडवणारं तेल मारलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी रबरी हातोड्याने ड्रमच्या कडेने ठोकत गेलो. एकदम ‘टंक’ असा आवाज आला आणि ड्रम हातात. आत काळी भुकटी, ओले झालेले लायनर. ही भुकटी फुंकर मारून उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये श्वासात गेलं तर घातक असं ॲस्बेस्टॉस असायचं, ब्रिटनमध्ये ते पुरतं बंद झालं १९९९ साली, आणि ३५-४० वर्षांच्या गाडीत कुणी कधी काय बसवलंय त्याचा भरवसा नाही. म्हणून सगळं ओलं करून फडक्याने पुसून काढलं. सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी नखाने जराशी उचलली, तर पचकन ऑइल बाहेर. मामाचं निदान नाशिकहून बरोबर होतं.

नुसता सिलिंडर गेला असता तर एवढा प्रश्न नव्हता. पण ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, मुख्य काम पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक करतात आणि मागच्या ड्रमच्या वाट्याला थोडंच येतं. त्यात गाडी हिंडते कमी, उभी जास्त. घासलं गेलं की गंज निघून जातो. घासायलाच कुणी नसलं की तो आतमध्ये घर करतो. हँडब्रेकची केबलसुद्धा अशीच न ओढता ओढता आपल्या नळीत घट्ट झाली होती.

ब्रेक ऑइलचं दुखणं आणखी वेगळं. डॉट-४ जातीचं हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, पावसाळ्यात झाकण उघडं राहिलेल्या बरणीतल्या मिठासारखं. ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; ओल शिरल्यावर १५५ अंशांपर्यंत उतरला तरी तो नियमात बसतो. सपाट रस्त्यावर याने काही बिघडत नाही. पण सॉमरसेटमधला पॉर्लक हिल चाराला एक, म्हणजे चार फूट पुढे जाताना एक फूट खाली, असा उतार आहे. तिथे भरल्या गाडीत पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर तापून आतल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पेडल सरळ खाली जातं. आपल्या घाटांत ‘न्यूट्रलमध्ये गाडी चालवू नका’ असे फलक असतात, ते उगाच नाहीत; न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला रोखत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो.

नवा पाइप टाकला तो तांबं-निकेलचा, कारण तो गंजत नाही. मग पाइपात शिरलेली एअर काढायचा कार्यक्रम. पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो मास्टर सिलिंडर; त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. मी गाडीखाली, हातात पान्हा, चाकाजवळच्या निपलला, म्हणजे एअर सोडायच्या तोटीला, पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. बायको पेडलवर, मामा तिच्या शेजारच्या सीटवर फोनमध्ये.

“दाब.”

“दाबलं.”

“धरून ठेव. सोडू नकोस!”

“सूनबाई, तो निपल बंद करेपर्यंत पाय उचलायचा नाही हां.”

“मामा, त्याला सांगा, माझ्या पायाला पेटके येताहेत.”

नळीतून काळपट तपकिरी ऑइल, मग बुडबुड्यांची रांग, मग पुन्हा ऑइल, शेवटी स्वच्छ पिवळसर आणि बुडबुडा एकही नाही. पेडल एकदम टणक झालं हे बायकोने वरून ओरडून सांगितलं, मामाने ते ऐकून स्वतःच स्वतःला शाबासकी दिली.

फेरतपासणीत गाडी पास झाली. त्याच तपासनीसाने या वेळी कागद आधी दिला, कौतुक नंतर केलं. आता एक मोह समोर आहे. गाडी ४० वर्षांची झाली आणि तिच्यात मोठे फेरफार केलेले नसले, तर इथे एमओटीची सक्ती उरत नाही. म्हणजे २०२८ पासून आम्ही मोकळे. मला स्वतःला हा नियम फारसा पटत नाही. ज्या वयात तपासणीची सर्वांत जास्त गरज, नेमकी तिथेच माफी. बायकोचं मत याहून रोखठोक आहे: माफी कागदाला आहे, पाइपाला नाही, तेव्हा दर वर्षी पैसे भरून न्यायचीच.

तोवर हिवाळ्यातही दर पंधरवड्याला आम्ही तिला बेलग्रेव्ह रोडला, म्हणजे इथल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, भाजीला नेतो. तिथे छोट्या गाडीलाही जागा मिळण्याची मारामार, त्यात हे धूड. मेथीच्या दोन जुड्यांसाठी एवढी गाडी काढणं शेजाऱ्यांना चक्रमपणा वाटतो. मामाचं मात्र वेगळंच: “येताना रस्ता मोकळा बघून दोनचारदा जरा जोरात ब्रेक मार. मेथी सांडली तर सांडू दे.”