हाड उन्हात वाळवू नका

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो, हवेत ओल उरत नाही आणि बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ढिली पडते, कारण आतलं लाकूड आटतं. हाडाचंही तसंच आहे. वर्गासाठी किंवा संग्रहासाठी स्वच्छ केलेलं बैलाच्या पायाचं नळीचं हाड भर उन्हात ठेवा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर लांबीच्या दिशेने केसाएवढी भेग दिसेल. ती पुन्हा कधीच बुजत नाही.

ताज्या घट्ट हाडात वजनाच्या साधारण १० टक्के पाणी असतं, आकारमानाने धरलं तर २० टक्क्यांच्या आसपास. त्यातलं काही रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्यांत मोकळं असतं. ते साध्या हवेतही उडतं आणि त्याने हाडाचं माप फारसं बदलत नाही. उरलेलं कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांना आणि खनिजाच्या कणांना धरून बसलेलं असतं. ते निघालं की धागे एकमेकांजवळ सरकतात आणि हाड आटतं. धागे बहुतांशी हाडाच्या लांबीच्या दिशेने असल्याने लांबीत कमी, जाडीत जास्त. मांडीच्या हाडाच्या लांबीत एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक पडतो. पण व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) घेतलेल्या मापावरून माणसाची उंची काढायची असेल तर तोही धरावाच लागतो.

भेग का पडते? वरचा थर आधी वाळतो, आतला ओलाच असतो. वरचा आकसायला बघतो, आतला त्याला आकसू देत नाही. हा ताण आडव्या दिशेने सर्वांत जास्त आणि त्याच दिशेने हाडाची पकड सर्वांत कमी, म्हणून फाट लांबीने जाते. दातांचं याहून वाईट: आतला डेंटिनचा थर वरच्या एनॅमलच्या कठीण कवचापेक्षा जास्त आटतो आणि दात उभा तडकतो. कवटीतले एका मुळाचे पुढचे दात तर सैल होऊन गळूनच पडतात, तेव्हा कवटीखाली आधीच कापड अंथरा.

सुकलेलं हाड ताठ आणि ठिसूळ होतं. धाग्यांमधलं पाणी त्यांना थोडं सरकू देतं आणि त्या सरकण्यातच धक्का जिरतो. पाणी गेलं की धागे एकमेकांना घट्ट चिकटतात. त्यामुळे सुक्या हाडाला वाकवायला जोर जास्त लागतो, पण ते फार न वाकता काडकन मोडतं. ताकदीची चाचणी करायची असेल तर हाड कधीच सुकू देऊ नका: ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गॉझमध्ये गुंडाळा, पिशवी बंद करा, उणे २० अंशांवर ठेवा. कापताना पाण्याची धार चालू असू द्या. चुकून सुकलंच, तर मिठाच्या पाण्यात भिजवून ताठरपणा बराचसा पूर्ववत होतो. भेगा मात्र राहतात. जास्त तापवलेल्या हाडाला हा उपायही लागू पडत नाही, कारण तिथे कोलॅजनच बिघडलेलं असतं.

संग्रहासाठी वाळवायचं असेल तर घाई नको. हाड सुती फडक्यात गुंडाळून, झाकण किंचित उघडं ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, घरातल्या सावलीत ठेवा. कूलर-पंख्याचा झोत थेट नको. रोज बाजू बदला, रोज वजन करा. सलग तीन दिवस वजन तेच आलं की वाळलं समजा.

उत्खननात निघणारी, गिरणाकाठच्या बहाळ-टेकवाडे भागातल्यासारखी, शतकानुशतकं ओल्या मातीत राहिलेली हाडं आणखी नाजूक, कारण त्यांतलं कोलॅजन आधीच झिजलेलं असतं. खड्ड्यातून काढल्याबरोबर वारा लागला तर पापुद्रे सुटतात. त्यांना भोवतालच्या ओलसर मातीसकट उचलून सावलीत न्यावं. तुटलेल्या कडाही नीट पाहाव्यात: ताजं हाड तिरकं, गुळगुळीत कडेने मोडतं, सुकलेलं बहुधा काटकोनात, खडबडीत.

नोंदवहीत मापाशेजारी ‘ओलं’ की ‘सुकं’ आणि तारीख लिहा. मेमध्ये वाळवलेलं हाड जुलैच्या दमट हवेत थोडं पाणी परत पितं, वजनही वाढतं.