बाहेर सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी खरंच जाते का?

गाडी वॉरंटीत असली की सर्व्हिस सेंटरवाले एक वाक्य हमखास ऐकवतात, बाहेर कुठे हात लावलात तर वॉरंटी गेली समजा. मग लोक घाबरून साधं ऑइल बदलायलाही तिकडेच जातात आणि सांगतील ते बिल भरतात. मला याची खरंच चीड येते, कारण हे जसं सरसकट सांगतात तसं ते बऱ्याच ठिकाणी कायद्यात बसत नाही.

वॉरंटी म्हणजे गाडी बनवतानाच काही खोट राहिली असेल तर ती कंपनीने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची, एवढंच. आता बाहेर ब्रेक पॅड बदलले आणि पुढे एसीचा कॉम्प्रेसर गेला तर ब्रेकचा आणि एसीचा संबंध काय? काहीच नाही, मग क्लेम नाकारणार कशाच्या जोरावर? पण बाहेरच्या मेकॅनिकने चुकीच्या ग्रेडचं ऑइल घातलं किंवा ड्रेन प्लग नीट आवळला नाही आणि ऑइल गळून इंजिन जाम झालं, तर तिथे कंपनी बरोबर आहे, तो हिशोब मेकॅनिककडे मागायचा.

अमेरिकेत 1975 चा मॅग्नुसन-मॉस कायदा हेच सांगतो, आमचाच पार्ट किंवा आमचंच सर्व्हिसिंग पैसे देऊन घ्या तरच वॉरंटी, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही. भारतात 2014 मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, 14 कार कंपन्यांना दंड लावला, आणि बाहेर काम केलं एवढ्यावरून वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या कामामुळे जे बिघडलं तेवढंच नाकारा, असंही सांगितलं. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या.

पण तुमच्याकडे कागद नसेल तर हे सगळं बोलून काही उपयोग नाही. बाहेर काम केलं तर पक्कं बिल घ्याच, त्यावर गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि पार्ट नंबर हवेत, आणि ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच. सर्व्हिसिंगची मुदत मात्र चुकवू नका, किलोमीटर किंवा महिने यातलं जे आधी येईल ते, कारण हयगय केली म्हणायला त्यांना तेवढं पुरतं.

आणि कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला गेलात तरी जॉब कार्ड, म्हणजे गाडी घेताना तुमच्या तक्रारी आणि करायची कामं लिहितात तो कागद, वाचल्याशिवाय सही करू नका, माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. तुम्ही सांगता गिअर टाकताना आवाज येतो, अॅडव्हायझर मान डोलावतो आणि लिहितो जनरल चेकअप, असं दोनतीनदा होतं, तेवढ्यात वॉरंटीची तारीख उलटते आणि मग गिअरबॉक्स उघडायची वेळ आली की म्हणतात ही तर नवीन तक्रार आहे. तक्रार वॉरंटीच्या काळात आली होती हे दाखवायला तुमच्याकडे काहीच नसतं. म्हणून आवाज कधी येतो, थंड इंजिनवर की गरम झाल्यावर, कितव्या गिअरला, हे तुमच्याच शब्दात लिहून घ्या, त्यांनी नाही लिहिलं तर त्याच दिवशी ईमेल टाका, आवाज फोनवर रेकॉर्ड करून सोबत जोडा.

एक्स्टेंडेड वॉरंटी हा वेगळा करार असतो, त्यातल्या अटी वेगळ्या असू शकतात, तो घेण्याआधी नीट वाचा. आणि कंपनीने सेफ्टी रिकॉल काढला असेल, म्हणजे सुरक्षेला धोका असलेल्या दोषासाठी गाड्या परत बोलावल्या असतील, तर तो वॉरंटीचा विषयच नाही, सर्व्हिसिंग कुठे केलं होतं हा प्रश्नच तिथे येत नाही.

क्लेम नाकारलाच तर काउंटरवर वाद घालत बसू नका, नेमका कोणता पार्ट, कोणत्या कारणाने आणि वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला हे लेखी मागा. तोंडी नाही म्हणणं सोपं असतं, लेटरहेडवर लिहायची वेळ आली की बरेचदा वरच्या ऑफिसला विचारून सांगतो असं उत्तर येतं. तरी नाहीच ऐकलं तर कंपनीच्या कस्टमर केअरकडे लेखी तक्रार, आणि त्यानंतर ग्राहक आयोग. भारतात तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जावं लागतं आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही.