नव्या सागरी कृमीची नोंद: माझा अनुभव

पेपर तयार, चित्रं तयार, परीक्षकांचा होकारही आलेला, आणि सगळं अडलं एका नंबरापाशी: संग्रहालय नमुन्याला देतं त्या नोंदणी क्रमांकापाशी. सांगलीत बसून अरबी समुद्राच्या तळातल्या कृमींवर काम करणारे आम्ही मोजकेच. पण पुढे ज्यांना हा नंबर लागेल त्यांच्यासाठी लिहितेय.

नवी प्रजाती जाहीर करताना एक नमुना 'होलोटाइप' म्हणून ठरवावा लागतो. पुढे कुणाला शंका आली तर त्याच्याशीच ताडून बघायचं. तो कुठल्या संग्रहात आहे किंवा ठेवणार, हे पेपरात लिहिणं प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमावलीनुसार २००० सालापासून सक्तीचं आहे. आपल्या २००२ च्या जैविक विविधता कायद्यानेही नमुना सरकारमान्य भांडारात जमा करावा लागतो. हे योग्यच आहे. पण जर्नल म्हणालं, नोंदणी क्रमांकाशिवाय छापणार नाही. संग्रहालय म्हणालं, छापलेला पेपर जोडा, मग क्रमांक देऊ! दोघांची पत्रं एकमेकांना पाठवली. जर्नलनं मुदत वाढवली, संग्रहालयाकडून उत्तरच येईना. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये, नाहीतर दौऱ्यावर. मग कळलं, फॉर्म बदललाय, नवा भरा. त्यातही शास्त्रीय नावाचा रकाना, आणि न छापलेलं नाव असं बाहेर फिरू द्यायचं नसतं. सासूबाई रोज विचारायच्या, "मिळाला का गं नंबर?" नमुना सुरक्षित राहावा म्हणून केलेला नियम, आणि नमुना माझ्या कपाटात! अल्कोहोल उडून जाऊ नये म्हणून मी सारखी बाटलीचं झाकण तपासत होते.

शेवटी बाटली घेऊन स्वतःच गेले. (अल्कोहोल म्हटलं की कुरिअरवाले हात लावत नाहीत.) तिथल्या एका बाईंनी रजिस्टर उघडलं, जीनसचं (प्रजाती ज्या गटात मोडते त्याचं) नाव आणि पुढे फक्त 'नवी प्रजाती' असं लिहून क्रमांक दिला. जर्नलचं तेवढ्यावर भागलं. तुम्ही पहिल्याच अर्जात असं लिहा. संपादकांनाही दाखवा, की नामकरणाची नियमावली क्रमांक मागतच नाही, संग्रहाचं नाव आणि ठिकाण मागते.

ओळख पटवण्याचं काम मात्र आनंदाचं. साधारण १५० ते १,२०० मीटर खोलीवर, जिथे पाण्यात ऑक्सिजन जेमतेम असतो, तिथला हा जीव. म्हणून कल्ले लांबलचक. ते शरीराच्या कितव्या खंडापासून सुरू होतात ते मोजायचं, मिथाइल ग्रीननं रंगवून बघायचं. कोल्हापूरला विद्यापीठात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अंगावरच्या राठ केसांची टोकं दिसली आणि खात्री पटली, की हा आजवर कुणी नोंदवलेला नाही. तो अभिमान अजून आहे.

हो, नमुने टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिननं डीएनए बिघडतो. जहाजावर जाणाऱ्यांना आधीच सांगा, थोडे नमुने थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. आणि पेपर फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकची (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीची) नोंदणी आधी करून तिचा उल्लेख पेपरातच हवा, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत.